जुने गोवे पायी पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गोव्यात आम्ही मराठीतून पायी सहल नेतो. मुंबई-पुणे-कोल्हापूरकडची मंडळी येतात, तशी डिचोली-पेडण्याचीही येतात. त्यांनी हा भाग लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो आणि नंतर फोंड्याची बस इथून कितीदा गेली तरी खाली उतरणे झालेले नसते. दोघांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. आमचे सांगणे एवढेच की इथे दोन चर्च नव्हेत, एक अख्खे शहर होते, आणि ते गाडीतून दिसत नाही.

हे शहर राजधानी कधी होते?

मांडवीकाठचे हे बंदर पोर्तुगीज येण्याआधी विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० च्या सुरुवातीला ते घेतले, काही महिन्यांत गमावले आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पुन्हा जिंकले. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी आपली राजधानी कोचीहून इथे हलवली. त्यानंतर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतचे हुकूम याच नदीकाठावरून सुटत होते. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. इथली चर्च आणि मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

नकाशावर 'गोवा वेल्हा' दिसते, ते हेच का?

नाही. गोवा वेल्हा हे पणजीहून मडगावकडे जाताना आगशीच्या अलीकडे लागते. कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी त्या बाजूला, झुवारीच्या काठी होती. फोनवर पत्ता टाकताना इथल्या मुख्य चर्चचे, बॉम जेझुस बासिलिकेचे, नाव टाका, म्हणजे चुकामूक होणार नाही. दरवेळी कोणी ना कोणी तिकडे पोहोचून फोन करतेच.

किती चालावे लागते आणि वाट कशी आहे?

सगळे मिळून तीन ते चार किलोमीटर, साधारण साडेतीन तास. बहुतेक वाट सपाट आहे, फक्त ऑगस्टीनच्या मनोऱ्याकडे जाताना चढ लागतो.

आम्ही सुरुवात नदीकडून करतो, कारण त्या काळी शहरात येणारा माणूस नदीतूनच यायचा. दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ ते १६०० या काळात इथे व्हाइसरॉय होता, त्याने ती पणजोबांच्या स्मरणार्थ बांधली. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा. कमानीवर वास्कोचा पुतळा आहे, तो सगळे पाहतात. मागच्या बाजूला मात्र थोडे थांबा: तिथे हातात तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. जिंकणाऱ्यांनी शहराच्या दारावर स्वतःबद्दल काय कोरून ठेवले, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

कमानीतून आत येणारा रस्ता म्हणजे त्या शहराचा मुख्य बाजार. १५८३ ते १५८८ इथे राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन याने या रस्त्यावरच्या रोजच्या सकाळच्या लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. अरबी घोडे, मसाले, कापड, आणि त्याच ठिकाणी विकली जाणारी गुलाम माणसेही. आज दोन्ही बाजूंना माड आणि झुडपे आहेत. इथून सेंट काजेतान, आदिलशाही वाड्याचा दरवाजा, से कॅथेड्रल, सेंट कॅथरीनचे कपेल, संग्रहालय, बासिलिका, आणि शेवटी टेकडी असा क्रम असतो.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो, तेव्हा सकाळी लवकरच निघायचे. पावसाळ्यात गर्दी नसते आणि जांभ्याच्या भिंतींवर हिरवे शेवाळ चढलेले असते. आम्हाला स्वतःला तेव्हाचे जुने गोवे सर्वांत आवडते, पण पायऱ्या निसरड्या होतात, चांगली पकड असलेली चप्पल हवी. रविवारी सकाळी मिसा असतात, त्यामुळे आत फिरणे उशिरा सुरू होते. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. हे दोन दिवस टाळता आले तर टाळा.

चर्चमध्ये चपला काढायच्या का? कपडे कसे हवेत?

चपला काढायच्या नाहीत. देवळाची सवय असल्यामुळे आपली माणसे दारात थबकतात, त्यात चूक काही नाही, पण तशीच आत या. टोपी मात्र काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. समुद्रावरून थेट आलेल्यांना दारावर अडवले जाते. मिसा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोन खिशात ठेवा. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन पाद्रींकडून जे घेतात तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे, ते कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी असते. त्या रांगेत उभे राहू नये.

मेणबत्ती लावायला मात्र कोणालाही मनाई नाही. बासिलिकेबाहेरच्या विक्रेत्यांकडे मेणबत्त्यांच्या बाजूला मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे मांडलेली दिसतील. जिथे दुखते त्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहायची, हा नवस आहे. तो फेडणाऱ्यांत हिंदू घरांतली माणसेही असतात. या बासिलिकेत ज्याचा देह आहे त्या सेंट झेवियरला, सोळाव्या शतकातल्या जेझुइट धर्मप्रसारकाला, गोव्यात 'गोंयचो सायब' म्हणतात.

सेंट झेवियरचा देह खरेच तिथे आहे का? दिसतो का?

आहे. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात आला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारला. देह आधी मलाक्काला, मग १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला, तो तिथल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आहे. म्हणजे देह संपूर्ण नाही, आणि इतक्या वर्षांत तो वाळून आकसलेला आहे. एरवी तो उंचावरच्या चांदीच्या पेटीत असतो, खालून फारसे काही दिसत नाही. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन सोहळा होतो, तेव्हा तो से कॅथेड्रलमध्ये आणतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला.

पेटीकडे मात्र वेळ काढून पाहा. ती १६३० च्या दशकात गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली, आणि तिच्यावरच्या ३२ चौकटींत झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने पाठवला. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने तो केला आणि १६९८ मध्ये तो इथे जोडून उभा झाला. खाली इटालियन संगमरवर, वर गोव्याच्या सोनारांची चांदी. लोक देहाविषयी विचारतात आणि हे काम न पाहताच निघून जातात, याचे वाईट वाटते.

बाकी चर्च पांढरी आणि बासिलिकाच लाल का?

तीही गिलाव्याची होती. १५९४ मध्ये बांधायला घेतली, १६०५ मध्ये पूर्ण झाली, आणि १९५० च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा उतरवण्यात आला. आता दिसतो तो आतला जांभा. गोव्यात त्याला आपण चिरा म्हणतो, तुमच्या-आमच्या घरांच्या कुंपणांना असतो तोच दगड. हात न लावता जवळ जाऊन पाहिलात तर तो सगळा छिद्राछिद्रांचा आहे. नक्षीसाठी तो चालत नाही, म्हणून खांब आणि कोरीव पट्ट्या काळ्या दगडाच्या आहेत, आणि तो दगड वसईकडून आणलेला आहे. फोटोत लाल रंग सुंदर दिसतो हे खरे. पण जांभ्याला गोव्याच्या पावसात चुन्याचे पांघरूण लागते, आणि ते काढून टाकल्यापासून भिंती पाणी पितात. आमच्या मते गिलावा परत यायला हवा. गोव्यात यावर दोन्ही बाजूंनी जोरात बोलणारे आहेत.

से कॅथेड्रलला एकच मनोरा का?

दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. काम १५६२ मध्ये सुरू झाले, इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. ज्यांच्या नावे हे कॅथेड्रल आहे त्या सेंट कॅथरीनचा सण २५ नोव्हेंबरला असतो, आणि शहर जिंकले तो दिवसही तोच. कॅथेड्रलच्या पलीकडे झाडांत सेंट कॅथरीनचे छोटे कपेल आहे. त्याची मूळ बांधणी १५१० ची.

इन्क्विझिशनबद्दल बोलता की टाळता?

बोलतो. ते वगळून या शहराची सहल प्रामाणिक होत नाही.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. त्याचा वाडा से कॅथेड्रलसमोरच्या चौकात होता. लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत. एकोणिसाव्या शतकात तो पाडला गेला, आता तिथे हिरवळ आहे आणि सहलीला आलेली मुले तिच्यावर डबे खातात. ख्रिस्ती झाल्यावरही जुन्या चालीरीती पाळतात, असा संशय आलेल्यांवर तिथे खटले चालत: घरात तुळस ठेवली, विशिष्ट दिवशी उपास केला, एवढेही पुरे होई. झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती, आणि ते प्रत्यक्षात आले तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षे झाली होती. ही दोन्ही वाक्ये आम्ही एकत्रच सांगतो.

जवळच रस्त्याकडेला 'हात कातरो खांब' नावाचा काळ्या दगडाचा खांब आहे. धर्म बदलायला नकार देणाऱ्यांचे हात तिथे तोडत, असे लोकांत सांगितले जाते. खांबाची घडण पोर्तुगीजांच्या आधीची मानली जाते. आम्ही तिथे थांबतो आणि लोककथेला लोककथा म्हणूनच सांगतो.

पोर्तुगीजांच्या आधीचे काही उरले आहे का?

थोडे, पण आहे. सेंट काजेतानच्या आवारात पाच-सहा पायऱ्या चढून गेले की एक एकटा दरवाजा उभा दिसतो. दोन उभे खांब, वर आडवी शिळा, आणि बाजूंना दगडी जाळीचे उरलेले तुकडे. आदिलशाही वाड्यातले एवढेच राहिले. जाळीतली वेलबुट्टी बोटभर अंतरावरून पाहा. आपल्याकडच्या देवळांच्या चौकटींवर जे हात चालले तेच इथे चालले असावेत असे वाटते. १५५४ ते १६९५ हा वाडा पोर्तुगीज गव्हर्नरांचे निवासस्थान होता, आणि १८२० मध्ये दगडांसाठी पाडला गेला.

शेजारचे सेंट काजेतान १६६१ मधले, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले. त्याच्या घुमटाखाली विहीर आहे. तिचे कारण काय, यावर आमच्या गटांत दरवेळी वाद रंगतो.

संग्रहालयात वीरगळ आणि सतीशिळा ठेवल्या आहेत. ब्रह्मपुरीत गोमंतेश्वराचे देऊळ आहे, ते पुरोहितवस्तीच्या काळापासूनचे स्थान. वाट लांब पडते म्हणून ते आम्ही फक्त मागणी असेल तरच घेतो.

मराठ्यांच्या इतिहासाशी या जागेचा काय संबंध?

हा प्रश्न आला नाही अशी सहल क्वचित होते, आणि याचे उत्तर आम्ही नदीकडे तोंड करून देतो.

समोरच्या दिवाडी बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी गेला, आणि तिथले देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवून घेतले. शिलालेख आजही दारावर आहे.

त्यानंतरची मोठी घटना १६८३ ची. पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली आणि त्यांना हात हलवत परतावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री पाणी ओसरलेले असताना जुवे बेटावर उतरून तिथला किल्ला घेतला. जुवे म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर स्वतः माणसे घेऊन गेला, मार खाल्ला, जखमी झाला आणि कसाबसा परत आला. शहर वाचेल याची आशा राहिली नव्हती. त्याने बासिलिकेत जाऊन झेवियरची पेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड त्या देहापाशी ठेवला: आता तूच सांभाळ. पुढे मोगल शहजादा शाह आलमची फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले.

पुस्तकात हे सगळे चार ओळींत असते. इथे नदीची रुंदी, बेट आणि बासिलिका एकाच नजरेत धरून पाहिले की त्या रात्री शहरात काय घबराट उडाली असेल ते कळते.

टेकडीवर काय आहे? चढणे गरजेचे आहे का?

वेळ कमी असेल तर दुसरे काही गाळा, पण टेकडी गाळू नका.

सेंट ऑगस्टीनचे चर्च १६०२ च्या सुमाराचे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना हद्दपार केले, मठ रिकामा पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये आहे, पायऱ्यांवरून वर पाहिले की दिसते तीच. जमिनीवरचे थडग्यांचे दगड वाचत चाला. काही अक्षरे पावसाने झिजली आहेत, काही ढालींवरची चिन्हे अजून धारदार आहेत.

याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान सापडली. इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. ऑगस्टीन संघाच्या साधूंनी तिच्या अस्थी जपून गोव्यात आणल्या. त्या कुठे ठेवल्या याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती: मठातल्या अमुक दालनात, अमुक खिडकीजवळ, काळ्या दगडाच्या पेटीत. पण छत कोसळल्यावर खिडकी कुठली आणि दालन कुठले हेच कळेना. पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसत २००४ च्या सुमारास तिथवर मजल मारली, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली. २०२१ मध्ये भारताने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. गटातली मुले इतर वेळी कंटाळली तरी इथे कान टवकारतात.

मनोऱ्यापासून थोडे पुढे, टेकडीच्या टोकावर, रोझरीचे चर्च आहे. ते १५४० च्या दशकातले, इथे उभ्या असलेल्या जुन्यांतल्या जुन्या चर्चपैकी एक. आत कातारीना आ पिरो हिचे संगमरवरी स्मारक आहे, आणि त्यावरची नक्षी सरळ गुजराती वळणाची आहे. टेकडीवरच सांता मोनिकाचा मठ आहे. त्याच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, तिकीट वेगळे.

एवढे मोठे शहर ओसाड कसे पडले?

मुख्यतः रोगांनी. पटकी आणि हिवतापाच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. वर सांगितलेला सच्छिद्र जांभाच इथली जमीन आहे, त्यामुळे घाण झिरपून विहिरींत उतरायची आणि तेच पाणी लोक प्यायचे. त्यात सतराव्या शतकात डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला आणि पैसाच आटला. माणसे गेली, घरे पडली, आणि पडलेल्या घरांचे दगड पणजी बांधायला नेले. पणजीत फिरताना हे ध्यानात ठेवा: जुने गोवे पूर्ण नाहीसे झालेले नाही, ते बरेचसे तिथल्या भिंतींत आहे.

संग्रहालयात वेळ घालवावा का?

पाऊण तास तरी. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात ते १९६४ पासून आहे. खाली आल्बुकेर्क आणि कवी कामोंइश यांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. मुक्तीनंतर ते उघड्यावरून आत आले. वर व्हाइसरॉय-गव्हर्नरांची चित्रे ओळीने लावली आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला ती ओळ थांबते. लागून असलेल्या चर्चमध्ये पायाखाली पाहा, सगळी जमीन थडग्यांच्या शिळांची आहे.

आईवडील सत्तरीचे आहेत, लहान मुलेही आहेत. जमेल का?

जमेल. सपाट भाग करून टेकडीसाठी रिक्षा घ्यावी. बाबागाडी चौकापुरती चालते, अवशेषांत नाही. स्वच्छतागृहे बासिलिकेच्या परिसरात आहेत, टेकडीवर त्यांची अपेक्षा धरू नका.

फेस्ताच्या दिवशी सहल असते का?

३ डिसेंबरला, म्हणजे झेवियरच्या फेस्ताला, नाही. त्याआधीचे नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची प्रार्थना, चालते आणि गोव्यातल्या गावागावांतून लोक चालत येतात. त्यांच्या वाटेत गट घेऊन फिरणे आम्हाला बरे वाटत नाही. तुम्ही स्वतः मात्र जरूर या. तिथे भरणाऱ्या जत्रेत खाजे आणि चणे घ्या, गर्दीत उभे राहा. दगडाच्या इमारती पाहण्यापेक्षा तो दिवस निराळा असतो.

गाईड घेतलाच पाहिजे का? प्रवेशाला पैसे लागतात?

चर्चना तिकीट नाही, संग्रहालयांना आहे. गाईड सक्तीचा नाही. घ्यायचा तर पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहून घ्या. आणि कोणीही 'दहा मिनिटांत सगळे दाखवतो' म्हटले तर नम्रपणे नको म्हणा. एकट्याने येणार असाल तर निदान कमानीपासून सुरुवात करा, बासिलिकेपासून नको. शहरात ज्या दिशेने शिरायचे त्याच दिशेने शिरलात तर अर्धे आपोआप उलगडते.

कसे पोहोचायचे? परत जाताना काय?

पणजीच्या कदंबा स्थानकावरून फोंड्याच्या बसेस सतत असतात, अंतर दहा किलोमीटरच्या आत. गांधी सर्कलला उतरा. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडते, तिथून रिक्षा मिळते. सामान मोठे असेल तर आधी मुक्कामी टाकून या, इथे ते ठेवायला जागा नाही. चौकाजवळ चहा, नारळपाणी, भाजीपाव मिळतो, पोटभर जेवण पणजीलाच करा. दुपार मोकळी असेल तर कमानीपाशी परत जाऊन फेरीबोटीने दिवाडीला जा आणि पिएदादच्या टेकडीवरून हेच शहर पलीकडून पाहा. परतीच्या फेरीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या.